वाट सांगणाऱ्यांची शाळा

(नाशिक येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)



गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्याच्या उकाड्यात बसून व्याख्याने ऐकणाऱ्यांचे हे शहर आहे. साहित्य, इतिहास, राजकारण, शेती अशा मोठ्या विषयांवर इथे पुष्कळ बोलले गेले. आजचा विषय त्या मानाने लहान वाटेल. कोणता विषय घ्यावा, कोणता सोडावा, पेपर राहिला तर पुढे काय, शिष्यवृत्तीचा अर्ज नेमका कुठे अडला, शिकत राहावे की घरी परतावे, हे महाविद्यालयातल्या मुला-मुलींना ज्याने सांगायचे, त्या माणसाला ते सांगायला कोण शिकवते? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोणीच शिकवत नाही. वर्षानुवर्षे उत्तम गणित शिकवणारे प्राध्यापक असोत की काल रुजू झालेले, विद्यार्थ्यांचे ‘मेंटॉर’ म्हणून नेमणूक झाली की दोघांच्याही हाती सारखीच तयारी पडते: विद्यार्थ्यांची यादी आणि एक कोरे रजिस्टर.

ही उणीव जुनीच आहे, पण अलीकडे ती फार महाग पडू लागली आहे.

पूर्वी बी.ए.ला किंवा बी.कॉम.ला आलेल्या मुलाला फारसे निवडावे लागत नसे. शाखा ठरली की विषयांचे ठरलेले गट असत, त्यातला एक घ्यायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीची नवी क्रेडिट रचना ठरवून दिली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ मध्ये आली, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये. तेव्हापासून प्रवेशाच्या रांगेत वेगळीच भाषा ऐकू येते. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी. बारावीचा निकाल हातात घेऊन आलेल्या मुलाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या वडिलांना यातले काय कळावे? कॉमर्सच्या मुलीने ओपन इलेक्टिव्ह म्हणून मानसशास्त्र घ्यावे की भूगोल? आज घेतलेला मायनर उद्या एम.ए.च्या प्रवेशाला कामी येईल का? एक वर्ष करून बाहेर पडले तर हातात काय राहील? धोरणाने निवडीचे स्वातंत्र्य दिले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र ज्याच्या घरात कोणी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही, त्याला हे स्वातंत्र्य वापरायला सोबत लागते. ज्याची आई प्राध्यापक आहे, त्याला ही सोबत घरीच मिळते.

एका वर्षाने बाहेर पडण्याचा तो शेवटचा प्रश्न जरा जवळून पाहू. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातून नाशिकला शिकायला आलेली पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. ही कोणी एकटी नव्हे. शहरातल्या बहुतेक मोठ्या महाविद्यालयांत ती भेटते. त्या भागातली अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे येतात. बागेची छाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे असते, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षाही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येतात. काढणी जानेवारीत सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते, तेव्हा दुसरे सत्र ऐन भरात असते. हजेरीपटावर एवढेच दिसते की मुलगी फेब्रुवारीत दहा-बारा दिवस आली नाही. मार्चमध्ये ती मेंटॉर मॅडमना येऊन सांगते, की पहिले वर्ष झाले की सोडणार आहे. वर्षाचे सर्टिफिकेट मिळते म्हणतात, तेवढे पुरे.

आता मॅडमनी काय सांगायचे? सर्टिफिकेट मिळते हे खरे आहे. पण त्यासाठी पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण व्हावी लागतात आणि त्याखेरीज कौशल्य अभ्यासक्रमाची किंवा इंटर्नशिपची ४ क्रेडिट आणखी करावी लागतात. एखादा बॅक राहिला असेल तर नुसते वर्ष संपले म्हणून कागद हातात पडत नाही. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि सगळी पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पुरी करायची असते. मिळवलेली क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, पण त्यासाठी खाते उघडलेले आणि आधारवरच्या नावाशी जुळलेले हवे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना जेवण-राहण्याच्या खर्चासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुलगी पैशासाठी सोडत असेल, तर या योजनेची माहिती सप्टेंबरमध्ये मिळणे आणि मार्चमध्ये मिळणे यात सगळा फरक पडतो.

आणि ती पैशासाठी सोडतच नसेल तर? इंग्रजीतल्या नोट्स कळत नाहीत म्हणून, वसतिगृहात कोणी त्रास देते म्हणून, घरी लग्नाची बोलणी चालली आहेत म्हणून, किंवा धाकट्या भावाची फी भरायची म्हणून ती निघाली असेल. हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. ते कळेपर्यंत गप्प कसे राहायचे, काय विचारायचे, काय विचारायचे नाही, कोणती गोष्ट आपल्या आवाक्यातली नाही म्हणून दुसऱ्याकडे न्यायची, हे सगळे एका कौशल्याचे भाग आहेत. ते कौशल्य शिकता येते, म्हणजेच ते शिकवले पाहिजे.

नियमांच्या पुस्तकात या कामाला जागा आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार शिक्षकाने आठवड्याला ४० तास, वर्षातले ३० आठवडे उपलब्ध असावे. रोज किमान पाच तास महाविद्यालयात असावे. आणि पदवी वर्गांच्या बाबतीत त्यातले किमान दोन तास विद्यार्थ्यांच्या मेंटॉरिंगसाठी असावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या बाराव्या प्रकरणात तर सर्व विद्यार्थ्यांना व्यावसायिक दर्जाचे शैक्षणिक आणि करिअर समुपदेशन मिळेल, आणि वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांसाठी पुरेशा निधीसह साहाय्य केंद्रे उभी राहतील, असे आश्वासन आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, हे प्रमाण विचारले गेले. २०१९ मध्ये आयोगाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. तिच्यातही मेंटॉरिंगवर भर आहे.

मग अडते कुठे? प्रमाण विचारले गेले, म्हणून प्रमाण भरले गेले. वीस विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर असा आकडा दाखवणे सोपे असते. त्या वीस जणांशी वर्षभरात काय बोलणे झाले, त्यातून कोणाचे काय अडलेले सुटले, हे आकड्यात मावत नाही. नॅकची समिती यायच्या आधीच्या आठवड्यात मेंटॉर-मेंटी रजिस्टरांवर एकदम तीन-तीन सत्रांच्या सह्या घेतल्या जातात, हे या सभागृहातल्या कोणत्याही प्राध्यापकाला वेगळे सांगायला नको. यात त्या शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. जे काम कसे करायचे हे कधी दाखवले नाही, ज्याला वेळापत्रकात रकाना नाही आणि ज्याच्यावर बढती अडत नाही, ते काम सहीपुरते उरते.

प्रशिक्षणाची यंत्रणा आपल्याकडे नाही असेही नाही. आयोगाने १९८७ पासून देशभर अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि हीच केंद्रे त्या नावाने ओळखली जाऊ लागली. नाशिकचे प्राध्यापक ओरिएंटेशन आणि रिफ्रेशरसाठी पुण्याच्या केंद्रात वर्षानुवर्षे जात आले; ‘ओरिएंटेशन झाले का?’ हा स्टाफरूममधला नेहमीचा प्रश्न. मालवीय कार्यक्रमाच्या विषयांत धोरणाची ओळख आहे, संशोधन आहे, माहिती तंत्रज्ञान आहे, भारतीय ज्ञानपरंपरा आहे, नेतृत्व आहे, विद्यार्थ्यांची विविधता आणि समावेशक शिक्षणही आहे. विद्यार्थ्याला शैक्षणिक सल्ला कसा द्यावा, हा मात्र त्यात स्वतंत्र विषय नाही. तो कुठल्या तरी व्याख्यानाच्या पोटात येतो आणि तासाभरात उरकतो.

त्यातच दुसरी, अधिक कठीण गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक उचलतात. त्यांना घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. तास संपल्यावर वर्गाबाहेर थांबलेल्या मुलाशी ते अर्धा तास बोलले, तर त्या अर्ध्या तासाचा मोबदला कोणत्याही बिलात येत नाही. तरीही पुष्कळजण थांबतात, कारण वयाने ते विद्यार्थ्यांना जवळचे असतात आणि तीच वाट त्यांनी नुकतीच तुडवलेली असते. या थांबण्यावर आपली व्यवस्था फुकट उभी आहे. ही गोष्ट जाहीर व्यासपीठावरून म्हटली गेलीच पाहिजे.

चांगला सल्ला एखाद्याच्या आयुष्यात काय करू शकतो, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण चर्नी रोडच्या बागेतले आहे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर तिथे वाचत बसत. शाळा सुटल्यावर एक मुलगा तिथे येऊन पुस्तकात डोके घालून बसतो, हे त्यांनी हेरले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकरांनी त्याच्याशी ओळख केली, पुस्तके दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला तेव्हाच्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. इंटर झाल्यावर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळुसकर त्याला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए. पुरे झाले. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ.

या हकिकतीत केळुसकर गुरुजींनी नेमके काय केले, ते बारकाईने बघण्यासारखे आहे. त्यांनी मुलाला हेरले. तो त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या शाळेतलाही नव्हता. कोणते दार ठोठावायचे हे त्यांना ठाऊक होते. आणि चिठ्ठी देऊन त्याला एकट्याला पाठवण्याऐवजी ते स्वतः बरोबर गेले. मात्र ही भेट योगायोगाने घडली. त्या काळात तशीच गुणवत्ता असलेली आणि कोणत्याच बागेत कोणाच्या नजरेस न पडलेली किती मुले असतील, याचा हिशेब कधी मांडता येणार नाही. शैक्षणिक सल्लागारांना प्रशिक्षण द्यायचे ते याचसाठी, की केळुसकर भेटणे हे नशिबावर राहू नये.

वसतिगृहांची चळवळ ही त्या दिशेची पहिली संघटित धडपड होती. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे उभी केली. नाशिकमध्ये १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले, तेही उदोजी मराठा बोर्डिंगला धरून. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीचा खरा सल्लागार बोर्डिंगचा रेक्टर असे. कोणाला ताप आहे, कोणाचे घरून पैसे आलेले नाहीत, कोण अभ्यासाला बसत नाही, हे त्याला रात्रीच्या पंगतीतच कळे.

पण या कामाला आधुनिक शिक्षणव्यवस्थेत रीतसर पद, पद्धत आणि तयारी देण्याचा महाराष्ट्रातला मोठा प्रयत्न आपल्याच गावात झाला, आणि त्याचे मोल आपण पुरते ओळखलेले नाही असे आज स्पष्ट म्हणावेसे वाटते. १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारात त्याचा परिसर उभा राहिला. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरले. पहिले कुलगुरू राम ताकवले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवून ते या नव्या कामाला आले होते आणि पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. नाशिकमध्ये उच्च शिक्षणावर बोलायचे आणि त्यांची आठवण काढायची नाही, हे होऊच शकत नाही.

मुक्त विद्यापीठापुढचा प्रश्न उघड होता. विद्यार्थी शेतावर, कारखान्यात, पोलीस ठाण्यात, स्वयंपाकघरात. रोजचा वर्ग नाही. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीचे दार उघडले, त्यामुळे शाळा सुटून बरीच वर्षे झालेली माणसे अभ्यासाला बसली. पुस्तक घरी पोचले, पण पुस्तकासमोर बसलेल्या माणसाला धीर कोण देणार? म्हणून अभ्यासकेंद्रे आली, आणि अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक आले. संमंत्रक बहुधा त्याच गावातल्या महाविद्यालयाचा प्राध्यापक. सत्रे बहुधा रविवारी, सुट्टीच्या दिवशी. त्याचे काम नेहमीचे लेक्चर देण्याचे नव्हते, कारण शिकवायचे ते पुस्तकातच विद्यार्थ्याशी बोलत असल्यासारखे लिहिलेले होते. अडलेले सोडवणे, गृहपाठ कसा लिहावा ते दाखवणे, वेळेचे गणित बसवून देणे आणि माणूस मध्येच गळणार नाही हे पाहणे, हे त्याचे काम.

चाळिशीतली गृहिणी, मुलांचे डबे आवरून रविवारी सकाळी अभ्यासकेंद्रावर आलेली. तिचा पहिला गृहपाठ परत आला आहे, त्यावर लाल शाईत खुणा आहेत. तिने मनाशी ठरवले आहे, की आपल्याला हे जमणार नाही. नेहमीचा प्राध्यापक इथे चुका समजावून सांगेल. जाणता संमंत्रक आधी उत्तरातला बरोबर असलेला भाग बोट ठेवून दाखवेल, मग एकच चूक निवडेल आणि तेवढीच तिच्याकडून तिथल्या तिथे दुरुस्त करून घेईल. बाकीच्या चुका पुढच्या रविवारी. वर्गात चाळीस-पन्नास मुलांपुढे शिकवताना ही रीत सुचत नाही, कारण तिथे तिची गरज पडत नाही. ती कोणीतरी दाखवावी लागते, दोन-चार वेळा करून पाहावी लागते, आणि करताना कोणी शेजारी बसून पाहिलेले असावे लागते.

हे काम वेगळे आहे आणि त्याची वेगळी तयारी लागते, हे दूरशिक्षणाच्या जगाने आधीपासून ओळखले होते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने शिकवणारा आणि समुपदेशन करणारा अशी जोड भूमिका असलेले ट्यूटर-काउन्सेलर नेमले होते. आपल्याकडे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९८७ मध्ये अगदी पहिल्या अभ्यासक्रमांतच दूरशिक्षणाची पदविका सुरू केली, आणि १९९३ मध्ये दूरशिक्षणातल्या मनुष्यबळासाठी ‘स्ट्राइड’ ही प्रशिक्षण संस्था काढली. नेहमीच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी स्टाफ कॉलेजे उघडली तेही १९८७ सालीच. एकाच वर्षी देशाने दोन वाटा धरल्या. घरी बसून शिकणाऱ्याला कोणीतरी सांभाळावे लागेल, हे एका वाटेवर गृहीत धरले गेले. दुसऱ्या वाटेवर मुलगा रोज वर्गात येतो, तेव्हा तो सांभाळला जातोच, असे धरून चालले. पण पन्नास जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून कोणाशीही न बोलता तीन वर्षे काढता येतात. अशा मुलाला वर्गात असूनही संमंत्रक हवाच असतो.

अमेरिकेत या क्षेत्राचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन यांनी एका लेखात मांडले, की विद्यार्थ्याला सल्ला देणे ही अध्यापनाचीच एक रीत आहे. सल्लागाराने उत्तर हातात न ठेवता विद्यार्थ्याला स्वतः ठरवता येईल असे वाढवावे. १९७९ मध्ये शैक्षणिक सल्लागारांची राष्ट्रीय संघटना ‘नाकाडा’ स्थापन झाली; तिचे कार्यालय कॅन्सस राज्य विद्यापीठात आहे. २०१७ मध्ये या संघटनेने सल्लागाराला काय यायला हवे याचा आराखडा केला. त्यात तीन बाजू आहेत: सल्ल्यामागचा विचार, संस्थेची आणि नियमांची माहिती, आणि माणसाशी नाते जोडण्याचे कसब. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींवर रोज लक्ष ठेवणारी संगणक प्रणाली वापरली, ८०० हून अधिक धोक्याच्या खुणा ठरवल्या. त्याची वाहवा करताना एक गोष्ट वगळली जाते, की त्याच वेळी त्यांनी ४२ नवे सल्लागारही नेमले. संगणकाने घंटा वाजवली तरी फोन उचलायला माणूस लागतोच.

क्रुकस्टन यांचे म्हणणे मोलाचे आहे, पण ते जसेच्या तसे उचलून पेठ-सुरगाण्याच्या विद्यार्थ्याला लावू नये. ज्याच्या घरात माहिती आहे, त्याला ‘तूच विचार कर’ म्हणणे हा आदर ठरतो. ज्याला महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला हेच कळत नाही, त्याला तेच वाक्य एकटे टाकल्यासारखे लागते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कसवलत मिळाली, तीही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना. ‘मुलींना आता सगळे फुकट’ एवढेच गावात पोचले. अशा वेळी सल्लागाराने स्पष्ट सांगावे: या अभ्यासक्रमाला लागू आहे, याला नाही, हा दाखला आजच काढ, हा अर्ज इथे, माझ्यासमोर भर. आधी अडचण सोडवावी, मग विचार करायला शिकवावे. कोणापाशी कोणत्या क्षणी काय करायचे, ही पारख हाच या प्रशिक्षणाचा गाभा असायला हवा, आणि ती परदेशी पुस्तकातून आयती मिळणार नाही.

आणखी एका कारणाने हा विषय लांबणीवर टाकता येणार नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबतच्या एका प्रकरणात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी बंधनकारक मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी या सगळ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा ओळखणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे यांचे प्रशिक्षण द्यावे. यातला ‘शिक्षकेतर’ हा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. महाविद्यालयात विद्यार्थ्याची सगळ्यात जास्त वेळा गाठ पडते ती शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळणाऱ्या कारकुनाशी, ग्रंथालयातल्या मदतनिसाशी आणि वसतिगृहाच्या रेक्टरशी. तेच कित्येकांचे पहिले सल्लागार असतात. त्या खिडकीवर ‘उद्या या’ हे कोणत्या स्वरात म्हटले जाते, यावर एखाद्याचे वर्ष टिकते किंवा जाते. म्हणून प्रशिक्षण प्राध्यापकांपुरते ठेवले तर अर्धे काम तसेच राहील.

आता नाशिकने काय करावे? या कामासाठी लागणारे सगळे या एका शहरात आहे, अशी ठिकाणे राज्यात थोडीच असतील. संमंत्रणाचा तीन दशकांहून अधिक अनुभव गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठात आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच दिंडोरी रस्त्यावर आहे. मानसिक आरोग्याचे जाणकार त्याच्यामार्फत मिळू शकतात. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय गडकरी चौकात आहे. मराठा विद्या प्रसारक समाज आणि १९१८ पासून काम करणारी गोखले एज्युकेशन सोसायटी या संस्थांची महाविद्यालये आहेत, आणि त्यांत जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांतून मुले येतात. ही मंडळी एका टेबलाशी बसली तर सल्लागारांसाठी सहा महिन्यांचा, महिन्यातून दोन शनिवारांचा अभ्यासक्रम उभा करणे अवघड नाही.

त्या अभ्यासक्रमात व्याख्याने कमी असावीत. प्रत्येकाने आपल्याकडच्या एका विद्यार्थ्याची अडचण, नाव-गाव वगळून, लिहून आणावी आणि बाकीच्यांनी त्यावर बोलावे. एकाने विद्यार्थी व्हावे, एकाने सल्लागार, तिसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे आणि शेवटी सांगावे की सल्लागार किती वेळ बोलला आणि विद्यार्थी किती. एक शनिवार आयुक्तालयाच्या आदिवासी विकास भवनात जावा: वसतिगृहाचे आणि स्वयम् योजनेचे अर्ज तिथे कोणत्या कारणांनी परत जातात, हे ती कागदपत्रे रोज हाताळणाऱ्यांकडूनच समजून घ्यावे. एक दिवस सुरगाण्याच्या बसने जाऊन यावे, म्हणजे सकाळी साडेसातचे प्रॅक्टिकल लावताना हात थांबेल. गोपनीयतेवर एक पूर्ण सत्र हवे. मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्टाफरूमच्या चहाबरोबर फिरली, की पुढची दहा वर्षे त्या महाविद्यालयात कोणी मुलगी काही सांगत नाही.

पण हे सगळे वेळापत्रकात बसले तरच. विनियमांतले मेंटॉरिंगचे दोन तास टाइमटेबलवर छापले जावेत, खोली क्रमांकासह, म्हणजे ‘सर कुठे भेटतील?’ असे विद्यार्थ्याला विचारत फिरावे लागणार नाही. सीएचबीच्या प्राध्यापकांना या तासांचे मानधन घेतलेल्या तासाप्रमाणेच मिळावे. त्यासाठी शासनाकडे मागणी करावी लागेल, आणि ती संस्थाचालकांनी करावी, त्या तरुण प्राध्यापकांवर सोडू नये. बढतीच्या मूल्यमापनात करिअर मार्गदर्शनाचा उल्लेख आज अनेक उपक्रमांच्या रांगेत एक म्हणून येतो. तिथे शैक्षणिक सल्ल्याला स्वतःची ओळ मिळावी, आणि तीत किती भेटी झाल्या यापेक्षा पहिल्या वर्षाची किती मुले दुसऱ्या वर्षात आली हे पाहिले जावे. मेंटॉर-मेंटी रजिस्टराची पाने कमी केली तरी चालतील.

पहिली तुकडी तीस जणांची असावी: अठरा प्राध्यापक, त्यांत निम्मे सीएचबीचे, सहा कारकून, चार रेक्टर आणि दोन ग्रंथालयातले. ती नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर सुरू झाली तर एप्रिलपर्यंत संपेल. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा प्रवेशाच्या खिडकीशेजारी आणखी एक टेबल मांडता येईल, दोन खुर्च्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसासाठी, आणि टेबलामागे या तिसांपैकी कोणीतरी.